दोन वर्षांत दुसऱ्यांदा हेड गॅस्केट उडलं – पद्मिनी, सोलापूर

पद्मिनीवाला मास्तर (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८८ चं मॉडेल, पेट्रोल, १०८९ सीसी. वडिलांनी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून सेकंडहँड घेतली होती. आता ते नाहीत, गाडी आहे. रोज काढत नाही. रविवारी सकाळी सात रस्ता चौकापर्यंत एक फेरी आणि महिन्यातून एकदा तुळजापूर, एवढंच तिचं काम.

गेल्या मंगळवारी आई आणि आत्याला घेऊन तुळजापूरला निघालो. तामलवाडीपर्यंत टेंपरेचरचा काटा मधोमध, आवाज स्वच्छ. घाट लागला आणि काटा सरळ लालमध्ये. दुसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ. कडेला घेऊन अर्धा-पाऊण तास थांबलो. आत्या म्हणाली, "पायी येईन असं बोलले होते, विसरले होते. देवीनं आठवण करून दिली." पाच लिटरचा कॅन रेडिएटरने पिऊन टाकला. नंतर गाडी चालू झाली, पण मिसिंग करत, उठाव अजिबात नाही. कशीबशी घरी आणली.

आता मागचा इतिहास. दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. तेव्हा एका मेकॅनिकने दुकानासमोर रस्त्यावरच हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवलं, हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट (सील) बदललं आणि सकाळी दिलेली गाडी चहाच्या वेळेला परत दिली. बिल ३,२०० रुपये. मी खूश! तोच आता म्हणतो, "इंजिनच संपलंय मास्तर, फुल काम काढावं लागेल, ४५ हजार धरून चला." दुसरा एकजण म्हणतो, रेडिएटरमध्ये सीलरची बाटली ओता आणि विसरून जा.

मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे हात स्वस्थ बसेनात. भाच्याकडून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) आणलं. चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. आकडे पीएसआयमध्ये (दाबाचं एकक): पहिला १२५, दुसरा ६०, तिसरा ६५, चौथा १२०. गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली तर पाण्यात सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे. ऑइल मात्र स्वच्छ आहे, डिपस्टिकवर दुधाळपणा नाही, म्हणजे त्यात पाणी गेलेलं नाही.

प्रश्न असा की इंजिन खरंच गेलं आहे का? आणि गेलं नसेल तर एकच गॅस्केट दोन वर्षांत दोनदा का उडावं? उन्हाळ्याची सुट्टी लागतेच आहे. स्वतः हेड उतरवायचा विचार आहे. वेडेपणा आहे का?

---

हायवे_किंग

मास्तर, भंगारात द्या आणि मुलाच्या नावाने एसआयपी करा. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या. तुम्ही कशाला ओढताय?

---

एसटीतला फिटर (रिटायर)

मास्तर, ४५ हजार खिशात ठेवा.

शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम आणि जवळपास सारखंच पडलं, तर त्या दोघांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळालेली असते. दोन नंबरचा दाब तीनमध्ये जातो, तीनचा दोनमध्ये. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर त्या काय ठरवून एकाच दिवशी एकाच घाटात जातात होय? तरी खात्री करा. दोन आणि तीन नंबरच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि परत गेज लावा. रिंग गेली असंल तर ऑइलनं फट भरून आकडा चढतो. गॅस्केट असंल तर जिथल्या तिथं.

दुसऱ्यांदा का उडलं? मला विचाराल तर ते पहिल्यांदाच नीट बसलं नव्हतं. मला तीन गोष्टी सांगा. त्या मेकॅनिकनं हेडवर पट्टी लावून ते सरळ आहे का बघितलं का? लेथवाल्याकडं नेलं का? आणि पाच-सातशे किलोमीटर झाल्यावर परत बोलावून बोल्ट आवळले का?

वेडेपणा नाही. फक्त एक करा, घाई करू नका. हेड उतरवणं अर्ध्या दिवसाचं काम, बसवणं दोन दिवसांचं.

---

पद्मिनीवाला मास्तर

तिन्हीचं उत्तर "नाही". समोरच बसलो होतो मी. जुनं गॅस्केट काढलं, ग्राइंडरला घासणी लावून हेड चकचकीत केलं, नवं गॅस्केट दोन्ही बाजूंनी कसलातरी गोंद फासून बसवलं आणि लांब दांड्याच्या पान्याने ताकद लावून आवळलं. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराला "टक्" करणारा) नव्हताच. मला वाटलं, केवढा जोर आहे याच्या हातात!

ऑइल घालून पाहिलं. ६० चे ६५ झाले, ६५ चे ६५ च.

---

वालचंदचा_पोरगा

सर, मी डब्ल्यूआयटीला (वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) मेकॅनिकल तिसऱ्या वर्षाला आहे. थोडं पुस्तकी बोलतो.

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनिअमचं. तापल्यावर ॲल्युमिनिअम बिडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. म्हणजे गाडी गरम-गार होते तेव्हा प्रत्येक वेळी हेड ब्लॉकवर किंचित सरकत असतं आणि मधलं गॅस्केट ते सोसत असतं. इंजिन उकळलं की हेडला जास्त फुगायचं असतं, पण बोल्ट त्याला धरून ठेवतात, मग ते वाकतं. गार झाल्यावर पूर्ण सरळ होत नाही. दोन सिलिंडरच्या मधली जागा सगळ्यात अरुंद, म्हणून तिथूनच फुटतं.

दुसरं म्हणजे झाकण. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर वर आहे, म्हणजे उघडं पाणी इथं ९८-९९ अंशालाच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरतं म्हणून ते वर सरकतं, एका पीएसआयला साधारण दीड अंश. झाकणाची स्प्रिंग मेली असेल तर ती सवलत गेली. झाकण दीडशे-दोनशे रुपयांना मिळतं, ते आधी बदला.

सीलर नकोच. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत सोडियम सिलिकेट असतं, गरम जागी ते काचेसारखं घट्ट होतं. फुटलेली जागा भरेल न भरेल, रेडिएटरच्या नळ्या मात्र नक्की भरतील.

---

पद्मिनीवाला मास्तर

हायवे_किंग यांच्यासाठी एक अवांतर. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी काढली. कारखाना कुर्ल्याला, पण माणूस जन्माने सोलापूरचा, १८८२ चा. आमच्या या नव्या मित्राचं कॉलेज त्यांच्याच नावाचं. गावची लेक भंगारात कोण देतं, मालक?

---

एसटीतला फिटर (रिटायर)

पोरगं बरोबर बोलतंय. आता हाताचं ऐका.

इंजिन रात्रभर गार होऊ द्या. गरम हेडचा बोल्ट ढिला केला की वाकडं हेड अजून वाकतं. पाणी काढा, बॅटरी सोडवा, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट, होज, वायरी. प्रत्येक गोष्टीचा मोबाइलवर फोटो घ्या, आमच्या वेळी नव्हतं ते सुख.

रॉकर शाफ्ट काढला की पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सळ्या) दिसतील. आठ आहेत. एकेक काढताना जागा बदलू देऊ नका. एका पुठ्ठ्याला आठ भोकं पाडा, नंबर टाका, त्यात खोचा. इतकी वर्षं ज्या टॅपेटवर जो रॉड घासला तो तिथंच गेला पाहिजे.

हेडचे बोल्ट ढिले करताना बाहेरून आत यायचं. एकदम नाही, पाव-पाव आटा. आवळताना उलटं, मधून सुरू करून गोल फिरत बाहेर.

आता हेड निघणार नाही! चिकटलेलं असतं. तिथं सगळे स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटतात आणि ॲल्युमिनिअमला चर पडतो, तो चर जन्मभर गळतो. त्यापेक्षा प्लग परत लावा, कॉइलची वायर सोडा, बॅटरी जोडून सेल्फ एक-दोनदा टुकटुक करा. रॉकर काढलेलेच आहेत म्हणजे सगळे व्हॉल्व्ह बंद. खालची हवाच हेडला वर उचलते. हेडला वर यायला थोडी जागा सोडून बोल्ट दोन-तीन आट्यांवर धरलेले ठेवा, नाहीतर उडी मारंल.

ग्राइंडरची घासणी परत नको. तिनं खड्डे पडतात आणि जी पूड उडते ती ऑइलात जाऊन बेअरिंग खाते. लाकडी पट्टी, प्लॅस्टिकची खरवडणी, चिकाटी. जुनं गॅस्केट कोरडं खरवडू नका, जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असायचं. ओलं करून काढा, फुंकू नका.

आणि ब्लॉकमधली बोल्टची भोकं. ही गोष्ट शंभरातले नव्वद विसरतात. भोकात ऑइल-पाणी साचलेलं असतं. वरून बोल्ट आवळला की ते पाणी दबत नाही, दाब भोकाच्या बुडाला बसतो. पान्यावर तुम्हाला वाटतं बोल्ट टाईट झाला, खरं तर तो पाण्यावर बसलाय. लई जोर लावला तर ब्लॉकला तडा. कापडाची वात करून आत घाला, फिरवा, कोरडं होईपर्यंत.

टॉर्कचा आकडा गाडीच्या पुस्तकातूनच घ्या, इथं कुणी सांगितलेला घेऊ नका. मी सांगितलेला बी नको. तीन टप्प्यांत आवळा. टॉर्क पाना नसंल तर मला निरोप द्या, माझा पडून आहे.

---

नाना पेठेतली स्पेअरवाली

मास्तर, नुसतं हेड गॅस्केट घेऊ नका, वरचा पूर्ण सेट घ्या. टॅपेट कव्हरचं, एक्झॉस्टचं, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचं, सगळं त्यात येतं. पद्मिनीचा माल अजून मिळतो, फक्त पारखून घ्यावा लागतो. गॅस्केट पुडक्यात घडी पडलेलं, कडेला वाकलेलं असेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी नको. घेतल्यावर ब्लॉकवर कोरडं ठेवून बघा, पाण्याचं आणि ऑइलचं प्रत्येक भोक उघडं दिसलं पाहिजे. गोंद लावू नका, पुडक्यावर लिहिलं असेल तरच.

वरची बाजू कुठली ते बघून बसवा. आमच्या सासऱ्यांच्या वेळच्या मालात फियाटची इटालियन गॅस्केट होती, त्यावर "आल्टो" असं छापलेलं. इटालियनमध्ये त्याचा अर्थ "वर". एक पोरगा घेऊन गेला आणि तासाभरात तणतणत परत आला, "मावशी, पद्मिनीचं मागितलं, तुम्ही मारुतीचं दिलं!"

---

पद्मिनीवाला मास्तर (तीन आठवड्यांनंतर)

झालं. सविस्तर लिहितो, कारण अर्धा दिवस मी स्वतःलाच शिव्या घालत होतो.

पुठ्ठा म्हणून घरातलं चादरीचं खोकं फाडलं. बायकोने आठ गोल आखून नंबर टाकून दिले, शाळेच्या प्रदर्शनातल्या तक्त्यासारखे. बोल्ट ढिले करायला लागलो तर पहिलाच धक्का: मधले दोन बोल्ट जवळजवळ हाताने फिरले. टोकाचे मात्र असे आवळलेले की पाइप घालून लोंबकळावं लागलं. त्या लांब दांड्याच्या जोराचं हे फळ.

हेड खरंच निघेना. सेल्फची युक्ती केली. दुसऱ्या टुकटुकीला "फस्स" असा आवाज आला आणि हेड बोटभर वर उचललं गेलं. आई दारातून म्हणाली, "जिवंत आहे अजून."

खाली बघितलं तर दोन आणि तीनच्या मध्ये गॅस्केट जळून काळा पट्टा, करंगळीच्या नखाएवढी जागा पार खाल्लेली. त्या पट्ट्यापासून एक बारीक काळी रेघ थेट पाण्याच्या भोकापर्यंत. बुडबुडे तिथूनच येत होते. सिलिंडरच्या भिंती मात्र स्वच्छ, नखाला कुठे ओरखडा लागत नव्हता. ४५ हजारांचं इंजिन!

वालचंदच्या पोराने कॉलेजच्या वर्कशॉपमधून स्ट्रेट एज (अगदी सरळ पट्टी) आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) मागून आणलं. पट्टी हेडवर उभी, आडवी, दोन्ही कर्णांवर धरली. मागे टॉर्च लावला की फटीतून उजेड दिसायचा, तो बघून मला कळलं की आधीच्या माणसाने काहीच बघितलं नव्हतं. मधोमध ०.२० मिमीची पात सहज जाते, ०.२५ ची अडते. पोरगा म्हणाला, ०.०५ च्या वर गेलं की लेथवाल्याकडे. मग ब्लॉकवर तीच पट्टी. तिथे ०.०५ सुद्धा जाईना. जीव भांड्यात पडला.

हेड अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नेलं. फेसिंगवाल्याने आधी पाण्याच्या दाबाने तडा आहे का ते तपासलं, नव्हता. मग फेसिंग, म्हणजे तळ कापून सपाट करणं. मी म्हटलं, छान जाड कट मारा, एकदाच काम होऊ दे. तो हसला. "मास्तर, जेवढं वाकडं तेवढंच काढायचं. जास्त काढलं की कॉम्प्रेशन वाढतं, मग गाडी चढावर खडखडते." ६०० रुपये घेतले.

पण खरा गुन्हेगार दुसराच निघाला. रेडिएटर. तांब्या-पितळेचा आहे, रेडिएटरवाल्याने वरच्या टाकीचा झाळ सोडवून मला बोलावलं. "या, बघा." आत बंबाच्या तळाला साचतो तसला पांढरा थर. नळ्यांची तोंडं मोजली, निम्म्याहून जास्त बंद. सळई घालून साफ करताना पांढरी खडी पडत होती, ओंजळभर. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ते प्यायचं, म्हणून गाडीत कायम बोअरचं. गाडी गरम झाली, पाणी उडालं, परत बोअरचं ओतलं, प्रत्येक वेळी क्षार मागे राहिला. वडील बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणून घालायचे. मी त्यांना चिकट म्हणायचो ते वेगळ्या कारणासाठी, पण या बाबतीत उधळे समजायचो.

अजून एक. थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) जागेवर नव्हताच! कधीतरी कुणीतरी "सोलापूरच्या उन्हात काय करायचाय" म्हणून काढून फेकलेला. नवा बसवला, आधी तो दोऱ्याने पातेल्यात लोंबकळत ठेवून उकळत्या पाण्यात उघडतो का ते बघितलं. नववीच्या वर्गाला दाखवायला छान प्रयोग आहे.

बसवताना फिटरकाका स्वतः आले, टॉर्क पाना घेऊन, सायकलवर. त्यांनी पाना हातात दिला आणि खुर्ची टाकून बसले. मी आवळायचं, त्यांनी फक्त नंबर सांगायचा. बोल्टच्या आट्यांना ऑइलचा थेंब लावायला लावला, भोकात वात घालायला लावली. चार भोकांत खरंच पाणी होतं. तिसऱ्या टप्प्याला पान्याने "टक्" केलं की ते मान हलवायचे. मला उगाच अजून थोडं आवळावंसं वाटायचं. "टक् झालं ना? मग सोड." बोल्टपेक्षा माझाच हात ढिला करायला त्यांना जास्त वेळ लागला.

कॉम्प्रेशन आता १२५, १२५, १२०, १२५. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. एकूण खर्च गॅस्केट सेट, फेसिंग, रेडिएटर, थर्मोस्टॅट, झाकण, ऑइल-फिल्टर धरून ६,४०० च्या आसपास. मजुरी म्हणून काकांनी शेंगाचटणीचा एक डबा नेला, तोही बायकोने हातात कोंबला म्हणून.

काल भर दुपारी, बाहेर ४२ अंश, आई-आत्यासकट तुळजापूरचा घाट चढलो. काटा मधल्या रेघेच्या जरासा वर गेला आणि तिथेच थांबला. आत्या मात्र घाटाच्या पायथ्यालाच उतरली. नवस फेडायचा होता.

---

हायवे_किंग

शब्द मागे घेतो मास्तर. आमच्या वडिलांची पण एक उभी आहे, पंढरपूरला, गोठ्यात. इंजिन फिरत नाही. फोटो टाकू का?

---

पद्मिनीवाला मास्तर

टाका की मालक! आधी प्लग काढून प्रत्येक भोकात चार थेंब ऑइल सोडून ठेवा, दोन दिवस. तोवर सेल्फला हात लावू नका.

---

एसटीतला फिटर (रिटायर)

ते बघू नंतर. मास्तर, बोल्ट परत आवळायचे राहिलेत. गरम-गार होऊन गॅस्केट दबतं, पाचशे किलोमीटरला पाना लागलाच पाहिजे. एकेक बोल्ट पाव आटा ढिला करून परत टॉर्कवर, मधूनच सुरुवात, आणि मग टॅपेट सेट करायचे कारण हेड बसलं की व्हॉल्व्हचा गॅप बदलतो. मागच्या वेळी हेच राहिलं होतं. किती झाले?

---

पद्मिनीवाला मास्तर

चारशे तीस. उद्या अक्कलकोटला जाऊन येतो, जाऊन-येऊन ऐंशी होतील. परवा सकाळी सातला, गार इंजिनावर. पाना आणा, फिलर माझ्याकडेच आहे, पोराने अजून कॉलेजला परत नेलेलं नाही.